खालच्या मजल्यांचा क्षय

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजल्यावर भरदुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरची गल्ली, तिच्यात वरून फेकलेला कचरा. मग खिडक्या बंदच. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हटवलेली झोपडपट्टीतली कुटुंबं इथे आणली गेली. २२५ चौरस फुटांचं पक्कं घर, स्वतःचा संडास. कागदावर प्रगतीच.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने ही वसाहत, शेजारचं लल्लूभाई कंपाउंड आणि मानखुर्दची पीएमजी कॉलनी अशा तिन्हींची पाहणी केली. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दहा घरांमागे एका घरात क्षयरोगी सापडला. पीएमजीत शंभरामागे एक. पुनर्वसन तिन्हीकडे झालेलं. पीएमजीत मात्र इमारती ऐसपैस अंतरावर आहेत. दाट वसाहतींत रुग्णही खालच्या मजल्यांवर जास्त. क्षयाचे जंतू कोंदट हवेत तासन्‌तास तरंगत राहतात; वारा त्यांना पांगवतो, ऊन मारतं. इथे दोन्ही नाहीत.

मुंबईने हा धडा एकदा उलट्या वाटेने गिरवला होता. १८९६ मध्ये मांडवीत गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोन वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दूषित हवेने रोगराई पसरते या समजुतीने त्याने चाळी पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले. समुद्राचा वारा शहरात शिरावा म्हणून. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता, त्याला वाऱ्याची काय फिकीर? शिवाय घरं गेलेली माणसं शेजारच्या चाळींत कोंबली गेली. पण चुकीच्या समजुतीतूनही रस्ते रुंद झाले. आज खरं कारण ठाऊक आहे, तरी गल्ल्या अरुंद!

आणि हे अपघाताने होत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी मोकळ्या जागेचे नियम सैल आहेत. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत पुनर्वसनाची घरं हेक्टरी किमान ६५० हवीत. कमाल नव्हे, किमान! दाटीची किंमत करोनातही दिसली: जुलै २०२०च्या पाहणीत मुंबईच्या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं आढळली, बाहेर १६ टक्के. तरीही धारावीच्या पुनर्विकासात चर्चा आहे ती ३५० चौरस फुटांच्या घरांची, हवा-उजेडाची नाही. तळमजल्याच्या खिडकीत डिसेंबरात किती तास ऊन येणार, हा आकडाही आराखड्यासोबत छापावा. तो मंजुरीआधीच काढता येतो.