रंगांधता : एक शब्द, दोन विकार

झाशीच्या जुन्या तटाच्या ओरछा दरवाजातून भर दुपारी बाहेर पडणाऱ्याचे डोळे क्षणभर दिपतात आणि लगेच सावरतात. हे सावरणे दृष्टिपटलातील शंकुपेशींचे काम होय. प्रत्येक डोळ्यात त्या सुमारे ६० लाख असतात. उजेडातील दृष्टी, बारीक अक्षर आणि रंग ही तिन्ही त्यांच्याच स्वाधीन. मंद प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी उन्हात केवळ दिपून राहतात.

झाशी हे रेल्वेचे मोठे ठाणे. तांबडा व हिरवा दिवा वेगळा ओळखता न येणाऱ्यास इंजिन चालविता येत नाही, हे तेथे नवे नाही. म्हणून 'रंगांध' म्हटले की नोकरीची ती चाचणीच आठवते. परंतु त्या एका शब्दात दोन भिन्न विकार कोंबले जातात, आणि त्याची झळ लहान मुलांना लागते.

पहिला विकार डाल्टनचा. आपल्या डोळ्यातील द्रवच निळा असावा, असा त्या थोर रसायनज्ञाचा १७९४ मधील तर्क होता. त्याच्या जपून ठेवलेल्या नेत्रावशेषांची १९९५ मध्ये तपासणी झाली, तेव्हा हिरव्या प्रकाशास संवेदनशील अशा रंगद्रव्याचे जनुकच नव्हते असे आढळले. ही उणीव जन्मभराची खरी, पण सहसा वयाबरोबर वाढत नाही. वाचन, उन्हातले खेळ यांत तिची अडचण नसते.

दुसरा विकार पूर्ण रंगांधतेचा; सुमारे ३०,००० मुलांमागे एकास होणारा. शंकुपेशीच्या पातळ आवरणात सूक्ष्म द्वारे असतात. अंधारात ती उघडी राहून सोडियम व कॅल्शियम आत घेतात. प्रकाश पडताच मिटतात, आणि या मिटण्यातूनच प्रकाशाची वार्ता पुढे जाते. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्यास ही द्वारेच बिघडतात. पेशी जिवंत असूनही मुकी होते. पुढे कित्येकांच्या दृष्टिपटलातून अशा पेशी हळूहळू नाहीशाही होतात. क्वचित द्वारे मिटविणारे विकरच निकामी असते, तेव्हा ती उजेडातही उघडीच राहतात.

असे मूल उन्हात डोळे किलकिले करते, त्याची बुबुळे थरथरतात, फळ्यावरचे अक्षर लागत नाही. ठिपक्यांच्या चाचणीत तेही नापास, डाल्टनसारखे मूलही नापास. नोंद मात्र एकच, 'रंगांध'. तेवढ्यावर थांबणारी तपासणी अपुरी नव्हे, दिशाभूल करणारी आहे. शिवाय जनुकोपचाराचे प्रयोग माणसांवर झाले असले, तरी त्यांना जिवंत शंकुपेशी लागतात. निदानाला उशीर म्हणजे त्या भांडवलाची नासाडी. तोवर लागते ते फार थोडे : गडद तांबूस काचांचा चष्मा, मोठे अक्षर, आणि खिडकीकडे पाठ करून पहिल्या बाकावर जागा.