पाइप जमिनीखाली, भार शेतकऱ्यावर : ‘जमीन तुमचीच’ म्हणजे नेमकं काय?

वरंध (ता. महाड) : गॅसची पाइपलाइन शेतातून जाणार असली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जमीन तुमचीच राहणार, फक्त खालून पाइप जाईल." हे खोटं नाही. सातबारा आपल्याच नावावर राहतो. पण त्या जमिनीत पुढे काय करता येईल, ते बदलतं. खरा तोटा तिथंच आहे.

विषय लांबचा नाही. दाभोळ-पनवेल गॅसवाहिनी आपल्या रायगडच्या जमिनीखालून जाते. देशाच्या इंधनात नैसर्गिक वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं केंद्र सरकारनं ठरवलंय. म्हणजे पाइप वाढणारच. गॅस नको असं कुणी म्हणत नाही, सीएनजी आपल्यालाही लागतो. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कोण मोजतो?

कायदा काय सांगतो?

यासाठी १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायदा आहे. त्यात मालकी घेत नाहीत, ‘वापर हक्क’ घेतात. त्याचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. नोटिशीआधी जमिनीचा जो वापर होता तो चालू ठेवता येतो, म्हणजे भात, नाचणी, वाल पिकवा. पण कलम ९ प्रमाणे त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खोदायचं नाही, झाड लावायचं नाही.

आता हिशोब करू. समजा, एकराचा भाव ८ लाख, म्हणजे गुंठ्याला २० हजार. पट्ट्यात १० गुंठे गेले तर त्यांची किंमत २ लाख आणि मोबदला २० हजार. तोही एकदाच. उभं पीक, तोडलेली झाडं, मोडलेले बांध यांची भरपाई वेगळी मिळते. पण आंब्याचं कलम दोन पिढ्यांना फळ देतं. तोडलेल्या कलमाचे पैसे येतील, त्या जागी नवीन कलम मात्र लावता येणार नाही.

रस्त्याला जमीन गेली तर मालकी जाते, म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या हिशोबाने पूर्ण किंमत आणि वर दिलासा रक्कम मिळते. इथे मालकी राहते म्हणून दहा टक्के. बंधन मात्र नातवंडांपर्यंत राहतं, कारण सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद होते. उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक पहिलं तेच बघणार.

घाटावर पाच एकरांच्या शेतातून पट्टा गेला तरी शेत उरतं. आपल्याकडे पंधरा-वीस गुंठ्यांचे तुकडे. मधून पट्टा गेला की दोन्ही बाजूंना घर बांधायलाही धड जागा उरत नाही.

२१ दिवस महत्त्वाचे

कोची-बंगळुरू वाहिनीच्या वेळी तमिळनाडूतले शेतकरी म्हणाले, शेतातून नको, महामार्गाच्या कडेने न्या. तिथलं सरकारही त्यांच्या बाजूने उभं राहिलं. तरी २०१६ साली सुप्रीम कोर्टाने गेल कंपनीच्या बाजूने निकाल दिला. यातून धडा हाच, की बोलायचं ते सुरुवातीलाच बोलायला हवं.

अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. आपले सातबारे सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईला, कुठे आजोबांचंच नाव अजून चालू. सगळ्यांना फोन करून कागद जमवेपर्यंत मुदत संपते.

म्हणून एवढं करा. वारसनोंद राहिली असेल तर आत्ताच करून घ्या. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. खोदाईआधी प्रत्येक झाड, बांध, विहीर यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि पंचनाम्यात एकेक झाड मोजून लिहायला लावा. वरची सुपीक माती वेगळी ठेवून परत वरच टाकायला सांगा, नाहीतर मुरूम वर येतो आणि भात बसतो. मोबदला पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

आणि मोजणीवाले दारात आले की चहाच्या आधी एक विचारा : पट्टा किती मीटर रुंद, आणि त्यात माझे किती गुंठे? उत्तर कागदावर घ्या.