एकट्याची पावरी

खान्देशात वरात निघाली की थोड्या वेळात कुणीतरी हात वर करून ओरडतोच, ‘ए, पावरी लाव रे!’ जळगाव असो, धुळं असो, चोपडा, अमळनेर, शिरपूर, कुठंही जा. डीजेवाला बटण दाबतो आणि नवरदेवाच्या मामापासून शेंबड्या पोरापर्यंत बठ्ठा गाव नाचायला लागतो. मीही नाचलोय. माझी तक्रार नाचण्याबद्दल नाही. तक्रार एवढीच की त्या गर्दीत पावरी नावाचं वाद्य डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधावा लागतो. पोरांना तर पावरी म्हणजे कीबोर्डातला एक आवाज वाटतो. वाद्याचं नाव राहिलं, चाल राहिली, वाद्य मात्र वरातीतून कधी खाली उतरलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

(जाता जाता एक गल्लत दूर करतो. सातपुड्यातल्या पावरा लोकांच्या बोलीलाही पावरी म्हणतात. ती वेगळी. मी बोलतोय ते वाद्य धुळ्याच्या पश्चिम पट्ट्यातलं, साक्री-नवापूरपासून बागलाण, कळवण, सुरगाणा आणि पलीकडे डांगापर्यंतचं.)

माझी नोकरी मास्तरकीची. त्यातली बरीच वर्षं साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या वरच्या अंगाला गेली. तिथं मार्गशीर्ष लागला की वर्गातली निम्मी पोरं रात्रभर जागून आल्यासारखी पेंगायची, कारण ती खरोखरच जागून आलेली असायची. डोंगऱ्यादेवाचा उत्सव. व्रत धरलेले माऊल्या अनवाणी फिरतात, घेर धरून नाचतात, भगत देवाला बोलावतो, आणि या सगळ्यांना चालवतो तो पावरकर. पावरी थांबली की घेर थांबतो. पुनवेपर्यंत हे चालतं. मी लांब उभा राहून ऐकायचो. एक आवाज खाली धरून ठेवलेला, त्याच्यावर दुसरा फिरतोय, आणि मध्ये कुठंही खंड नाही. मला आधी वाटायचं, दोन माणसं वाजवत असतील.

एकच माणूस असतो. वाळलेला भोपळा, त्यात मेणानं घट्ट बसवलेल्या बांबूच्या नळ्या, नळीत जिभेसारखी कापलेली बारीक पट्टी, पुढं शिंगाचा नाहीतर ताडाच्या पानांचा भोंगा, वर हौसेनं लावलेली मोराची पिसं. माणूस नाकानं श्वास घेत असतो आणि त्याच वेळी गालात साठवलेली हवा भोपळ्यात सोडत असतो. पोलीस बँडमध्ये काखेत पिशवी धरून वाजवतात ते बॅगपाइप तुम्ही पाहिलं असेल. तिथं कातड्याची पिशवी वाजवणाऱ्याला दम खाऊ देते. इथं तशी पिशवीही नाही, गालच पिशवीचं काम करतात. हे अंगात यायला वर्षं लागतात. आबा, ज्यांच्याकडे मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचो, ते म्हणायचे की पोरगा लहान असतानाच गाल तयार करावे लागतात, मिशी फुटल्यावर नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे ‘लोककला जपा’ म्हटलं की एकच गोष्ट होते, महोत्सव. मांडव, दीपप्रज्वलन, शाली, आणि वीस जणांचं एक पथक आठ मिनिटांसाठी. सारख्या रंगाचे फेटे, सारखी उपरणी, समोर नाचणाऱ्या मुली, आणि मागच्या ओळीत पावरकर. त्याच्यासमोर माइक नसतो, असला तर ढोलकीच्या आवाजात तो बुडतो. बऱ्याचदा चाल कीबोर्डवर वाजत असते आणि म्हाताऱ्यानं नुसती पावरी तोंडाला लावून धरायची. आबा एका अशा कार्यक्रमाहून आले तेव्हा म्हणाले, ‘गुरुजी, तठे माले वाजाडाले नही बलावतस, उभं ऱ्हावाले बलावतस.’

म्हणून आम्ही चारपाच जण गेली काही वर्षं एकच गोष्ट मागतोय. स्पर्धा घ्या, पण एकट्याची. एक माणूस, एक पावरी, बाकी काही नाही. ना ढोल, ना नाच, ना निवेदिका. पथकात कच्चा वाजवणारा लपतो आणि पक्का वाजवणारा दडपला जातो, दोन्ही वाईट. एकट्यानं वीस मिनिटं वाजवायचं म्हटलं की श्वास कुणाचा पुरतो, कुणाला किती चाली येतात, वाद्य कुणी स्वतः बनवलंय आणि कुणी उसनं आणलंय, सगळं उघडं पडतं. आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्या पोराला कळतं की हा माणूस कुणीतरी आहे.

एका देणगीदारांना हे पटेना. ‘एकटा म्हातारा वाजवतोय, पब्लिक बसेल का?’ बसेल. आमचं पब्लिक रात्र रात्र वही ऐकत आलंय, तमाशाला पहाटेपर्यंत बसलंय. बसत नाहीत ते पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरचे, त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं.

हे काही मी डोक्यातून काढलेलं खूळ नाही. स्कॉटलंडमध्ये १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडच्या लोकांचा पाडाव झाला आणि पाइपवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोसणारी सरदारघराणी खिळखिळी झाली. वाजवणारे उरले, पोसणारे गेले. तेव्हा लंडनच्या हायलँड सोसायटीनं १७८१ साली फॉलकर्क इथं पाइपवादनाची स्पर्धा भरवली. एकेकट्यानं वाजवायची. बक्षीस काय? नवं पाइप. आणि जागा कुठली धरली, तर जिथं गुरांचा मोठा बाजार भरतो ती, बाजाराच्याच दिवसांत, म्हणजे डोंगरातून गुरं हाकत येणारा माणूस आपसूक ऐकायला हजर. एकट्यानं वाजवायच्या स्पर्धा तिथं आजही होतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जाणाऱ्या आपल्या माणसाला हे शहाणपण समजावून सांगावं लागू नये.

पण त्यांचं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. पुढं तिथं स्पर्धेसाठी छापील स्वरलिपी प्रमाण ठरली, परीक्षक पुस्तकात बघून गुण देऊ लागले, आणि वेगवेगळ्या गुरूंकडच्या वाजवण्यातले फरक झिजले, अशी तक्रार तिथलेच जाणकार करतात. ती आपण आधीच ऐकून ठेवावी. आपल्या स्पर्धेत परीक्षक म्हातारे पावरकरच हवेत, तीन वेगवेगळ्या तालुक्यांतले. संगीताचे प्राध्यापक ऐकायला या, गुण द्यायला नको. एका पाड्याची चाल दुसऱ्या पाड्याहून निराळी वाजली तर ती चूक धरायची नाही.

सगळ्यात जड आक्षेप मला एका तरुण पोरानं घेतला. माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, ‘गुरुजी, आमना देवनी पावरी तुमना बक्षीससाठे नही.’ त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो रास्त होता. देवाची चाल मांडवात वाजवायला लावून वर तिला गुण द्यायचे, हा आगाऊपणाच. त्यावर आमच्यात दोन बैठका भांडणात गेल्या. शेवटी ठरलं ते असं, की डोंगऱ्यादेवाच्या चाली स्पर्धेत मागायच्याच नाहीत. लग्नाच्या आहेत, होळीच्या आहेत, नुसत्या नाचाच्या आहेत, त्यांतलं वाजवा. काय देवाचं आणि काय माणसांचं, हे पावरकर ठरवेल. तो पोरगा अजून पूर्ण राजी नाही. पण येतो म्हणाला.

शहरातले मित्र विचारतात, ‘एवढी यातायात कशाला? मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा की.’ धुळ्याला जपून ठेवायची सवय चांगली आहे. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभं आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात पोथ्या सांभाळल्यात. तिकडे जळगावला बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी कागदावर राखल्या म्हणून १९५२ साली पुस्तक होऊन आपल्या हाती आल्या. शब्दाचं तसं होतं, तो कागदावर तग धरतो. पावरीतला श्वास रेकॉर्डिंगमधून गालात उतरत नाही. त्याला समोर बसलेला पोरगा लागतो, भोपळा कुठला घ्यायचा आणि कितपत वाळवायचा हे दाखवणारा हात लागतो. म्हणून आमच्या नियमात पहिलं कलम हेच, की जो पावरकर सोबत शिकणारं पोर आणेल त्याचं भाडं आणि जेवण दोघांचंही आमच्याकडे, नंबर येवो न येवो. बक्षीस रोखच द्यायचं. नुसती ढाल देऊन म्हाताऱ्याच्या घरी काय शिजणार?

सध्या घोडं अडलंय ते तारखेवर. हॉल आणि पाहुणे मिळतात म्हणून काहींना डिसेंबर हवाय, धुळ्यात. डिसेंबर म्हणजे बहुतेक मार्गशीर्ष, पावरकर तेव्हा देवाच्या कामात, आणि त्यांनी ते सोडून धुळ्याच्या हॉलमध्ये यावं म्हणे. माझं म्हणणं, होळी झाल्यावर घ्या, पिंपळनेरला, आठवडे बाजाराच्या दिवशी, उघड्यावर. पाहुण्यांना तेवढं लांब यायला जमत नसेल तर त्यांच्या शालींचे पैसे वाचतील, त्यात आणखी चार पावरकरांचं एसटीचं भाडं निघतं.