पाणी आपले, मग जबाबदारी कोणाची?

संचालक म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो साखर कारखान्याचा किंवा जिल्हा बँकेचा संचालक. खादीचे कडक कपडे, दाराशी गाडी, मागेपुढे चार माणसे. सहकाराच्या या परिचित चित्रात एक संचालक मात्र कोठेच दिसत नाही. तो आहे पाणीवापर संस्थेचा. त्याच्या दाराशी गाडी नसते. आवर्तन सुटले की रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन तो चारीच्या काठाने चालत असतो आणि वाटेत कोणी दारे फोडले आहे का, ते पाहत असतो. निवडणुकीत त्याच्या विरुद्ध उभे राहायलाही बहुधा कोणी उत्सुक नसते. तरीही शेतापर्यंत पाणी पोहोचणार की नाही, हे पुष्कळदा याच माणसावर ठरते.

पाण्याचा कारभार लोकांनी करावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, कोणते पीक कोणत्या फडात हे पंचांनी ठरवायचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे, अशी ही साधी व्यवस्था होती. शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावायचा नाही, हा तिचा कणा होता. पुढे मोठी धरणे आली, पाटबंधारे खाते आले आणि पाणी ‘सरकारचे’ झाले. सरकारी पाणी चोरण्यात कोणाला संकोच वाटेना. माथ्याकडच्या शेतकऱ्याने हवे तेवढे घ्यावे आणि टेलच्या शेतकऱ्याने कोरड्या चारीकडे पाहत बसावे, हा जणू नियमच होऊन बसला.

नाशिक जिल्ह्यातील ओझरच्या शेतकऱ्यांनी हा नियम मोडला. वाघाड प्रकल्पाचा कालवा त्यांच्यापर्यंत कागदावर पोहोचत होता, पाणी क्वचितच. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना संघटित केले आणि नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी तेथे तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजून द्यायचे आणि त्याचे पैसे संस्थेने भरायचे, असा खात्याशी करार झाला. वाट्याचे पाणी नाल्यांवरील बंधाऱ्यांत अडवून विहिरी भरण्याची युक्तीही त्यांनी केली. पुढे संपूर्ण प्रकल्पाचा कारभार लोकांच्या संस्थांकडे आला. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्यामागे अशा अनुभवांचे बळ होते. या कायद्याने संचालक मंडळात माथा, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना जागा दिल्या.

कायद्याने खुर्ची दिली. पण तीवर बसणाऱ्याच्या वाट्याला तीन अवघड कामे येतात. पहिले मोजण्याचे. संस्थेला पाणी घनमापनाने मिळते. समजा, वितरिकेच्या तोंडाशी शंभर भाग पाणी मोजून घेतले आणि गळक्या चाऱ्यांतून चाळीस भाग वाटेतच मुरले, तरी बिल शंभराचेच येणार. दुसरे काम वसुलीचे. पाटकऱ्याचा पगार, चारीतला गाळ आणि गवत काढणे, दारांची दुरुस्ती हे सारे पाणीपट्टीतूनच भागवायचे असते. दर वाढवला तर सभासद ओरडतात आणि न वाढवला तर दोन वर्षांत चारी बुजते.

तिसरे काम सर्वांत कठीण, आणि ते म्हणजे ‘नाही’ म्हणणे. धाकटा चुलतभाऊ रात्री घरी येतो आणि म्हणतो, “आबा, आजची एक रात्र चारी उघडी राहू दे. गहू निसवायला आलाय.” त्याचा गहू खरोखरच निसवायला आलेला असतो. पण टेलच्या ज्या शेतकऱ्याची पाळी त्यामुळे बुडणार, त्याचा गहूही त्याच अवस्थेत असतो. फक्त तो या ओसरीवर येऊन बसलेला नसतो. जो समोर नाही त्याच्या बाजूने बोलणे, हेच या संचालकपदाचे खरे काम आहे. भावकीत, लग्नकार्यात त्याची किंमत मोजावी लागते. अनेक संस्था केवळ कागदावर उरतात, त्याचे एक कारण येथे आहे. दुसरे कारण सरकारी आहे: नादुरुस्त कालवे संस्थांच्या गळ्यात बांधायचे आणि अधिकार मात्र हातचे सोडायचे नाहीत.

आणखी एक प्रश्न उरतो. ‘लोकांची संस्था’ म्हणताना लोक म्हणजे कोण? पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमिनीशी बांधलेले आहे. शेतात रात्री पाणी भरणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर सभेत तिला मत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंके यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरवला. भूमिहीनालाही वाटा दिला आणि उसाला मनाई केली. तो विचार सरकारी चौकटीत पुरता कधीच सामावला नाही.

आज हा प्रश्न घराघरांत आला आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले आणि योजना चालवण्याचा भार गावच्या पाणी समितीवर टाकला. त्या समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. टाकी आणि नळ सरकारी पैशांतून येतील. पण पंपाचे वीजबिल, गळती आणि थकलेली पट्टी यांचा हिशेब गावालाच ठेवावा लागणार. सह्यांपुरत्या बोलावलेल्या बायकांना तो हिशेब दाखवला जातो का, यावर नळाला पाणी किती वर्षे येईल ते ठरेल.

शहरातल्या वाचकांनी हे गावाकडचे दुखणे समजू नये. टँकरचा खर्च कसा वाटायचा यावरून सोसायटीच्या सभेत होणारी भांडणे आठवून पाहावीत. तेथेही समितीवर यायला कोणी तयार नसते आणि दोष द्यायला सगळे असतात. पुढच्या सभेची नोटीस लागेल तेव्हा एवढे तरी करता येईल: सभेला जावे, हिशेब मागावा आणि सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी चढते का, ते विचारावे.