जे बर्वँगरचा नकार आणि आजचा ड्राफ्ट
अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलच्या १९३६ सालच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वँगर त्या मैदानावर कधी उतरलाच नाही. रबर कंपनीतील नोकरी त्याने पत्करली. पुढे असा नकार परवडेनासा झाला. महाविद्यालयात विनावेतन खेळायचे, मग जो संघ निवडेल त्याच्याशीच करार करायचा. (प्रशिक्षकांच्या कोट्यवधींच्या वेतनाला मात्र हौशीपणाचे हे तत्त्व कधी आड आले नाही!)

जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठेही थेट मोबदला देऊ लागली. शिक्षण अर्धवट सोडून ड्राफ्टकडे वळणारे २०२१ साली शंभराहून अधिक होते, ते २०२४ साली साठाच्या आत आले. पहिल्या फेरीच्या ताऱ्यांचे गणित फारसे बदललेले नाही. पाचव्या-सहाव्या फेरीत निवड होऊ शकेल असा खेळाडू मात्र आता महाविद्यालयातच थांबतो. अखेरच्या फेऱ्या दुबळ्या झाल्याची संघांची कुरकुर त्यामुळेच ऐकू येते. स्वस्तात मिळणारे तरुण खांदे आता आधी भाव विचारतात.