सुई, सोवळे आणि संकोच

गेल्या जत्रेस आलेल्या एका वृद्ध गृहिणीने अग्रशाळेतील खोलीस आतून कडी लावून, चोरी करावी तशी इन्सुलिनची सुई टोचून घेतली आणि ती पिशवीच्या तळाशी दडविली. दुसऱ्या दिवशी एकादशी. ‘आजच्या दिवस राहू द्या, सोवळ्यात सुई कसली?’ असे कोणी म्हणाले, आणि तिने सलग दोन दिवस औषध घेतलेच नाही. पालखी निघाली तेव्हा ती इस्पितळात होती. तो सल्ला देणाऱ्यांशी आमचे भांडण आहे.

त्यांचा पहिला आक्षेप असा की, हे औषध प्राणिज आहे. एकेकाळी तो निराधार नव्हता. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरोंटो येथे १४ वर्षांच्या मरणोन्मुख लिओनार्ड टॉम्पसनला पहिली सुई दिली गेली, ती गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या अर्काची. पुढे कित्येक दशके गाय आणि डुक्कर हीच त्याची उगमस्थाने राहिली. (ते टोचून घेणाऱ्या आपल्या आजोबांनी मनाची समजूत कशी घातली असेल, देव जाणे.) परंतु १९८२ पासून जिवाणूंकडून तयार करविलेले मानवी इन्सुलिन प्रचारात आले, आणि आज औषधांच्या दुकानात मिळते ते बहुधा जिवाणूंपासून अथवा किण्वापासून केलेलेच असते. मग विटाळ कोणाचा?

दुसरा आक्षेप उपवासाचा. अन्न कमी तर मात्रा कमी, हे खरे. पण किती कमी, हे डॉक्टरांनी आधी सांगावयाचे, शेजारणीने नव्हे. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन मुळीच निर्माण होत नाही, त्यांनी ते बंद केले तर निर्जळी उपवासातही रक्तात आम्ल साचून प्राणावर बेतते. ‘सवय लागते’ या तिसऱ्या आक्षेपास आम्ही उत्तर देत नाही. सवय भाताचीही लागते.

खरा घात करतो तो संकोच. आपल्याकडील बहुतेक बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट इन्सुलिन असते व तिच्या सिरिंजला लाल टोपी असते. १०० युनिटांच्या सिरिंजची टोपी नारिंगी. अंधाऱ्या कोपऱ्यात घाईने भलतीच सिरिंज उचलली, तर मात्रेत अडीचपटीचा फरक पडतो. लपूनछपून रोज एकाच जागी टोचले, तर तेथे गाठ धरते व औषध नीट शोषले जात नाही. पोटावर, मांडीवर जागा बदलीत, उजेडात, स्वतःच्या हाताने सुई घेणे हे शिकण्याजोगे काम आहे. घरातील नातवंडांनीही ते पाहावे.

आमच्या देवस्थान समित्यांनी अग्रशाळेत शीतपेटीचा एक कप्पा आणि वापरलेल्या सुयांसाठी एक जाड, झाकणाचा डबा ठेवावा. खर्च मंडपाच्या एका तोरणाहून अधिक नाही. येत्या सभेत कोणी महाजन हा विषय मांडतात की नाही, हे आम्ही पाहणार आहोत.