शेडलाही श्वास घेऊ द्या!

महाविद्यालयाच्या वार्षिकात अळिंबीच्या शेडवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वर्गात जे शिकले त्याचा गावाला काय उपयोग, हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. म्हणून हा विषय.

पूर्व विदर्भ हा धानाचा मुलूख. तणस घरचीच असते, म्हणून तिच्यावर धिंगरी अळिंबी पिकवण्याचा जोडधंदा बचत गटांच्या बायका करू लागल्या आहेत. धिंगरीला साधारण २० ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. एवढे सर्वांना पाठ असते. मग थंडावा टिकावा म्हणून खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकायचे, फटी बुजवायच्या आणि आत पाणी फवारत राहायचे. थंडावा आणि वारा यांना आपण एकमेकांचे वैरी ठरवले आहे. माझे म्हणणे असे की, सारे बिघडते ते येथेच.

अळिंबी ही बुरशी आहे. ती आपल्यासारखीच प्राणवायू घेते व कर्बवायू सोडते. तणसाच्या पिशव्यांत बुरशी पसरत असते तोवर तिला मोकळ्या हवेची फारशी गरज नसते. पण अंकुर फुटले की ती हवीच. कोंदट शेडमधील अळिंबीचे देठ लांबतात आणि टोप्या इवल्याशा राहतात. टोपीवर पाणी साचून डाग पडतात, आणि असा माल बाजारात कोणी घेत नाही. शिवाय पिशव्या स्वतःही उष्णता सोडतात. ती बाहेर जाणार कोठून?

याचे उत्तर आपल्या घरातच आहे. कूलर लावला की खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा होतो, हे विदर्भात कोणालाही ठाऊक आहे. कोरडा वारा पाण्यावरून वाहतो तेव्हाच गारवा देतो. मग हे शहाणपण शेडच्या दारात का थांबते?

दुसरी गोष्ट छपराची. उघडा पत्रा दिवसभर तापतो आणि ती धग खाली फेकतो. त्यावर तणसाचा जाड थर घातला, लांब भिंती उत्तर-दक्षिणेकडे ठेवल्या, वारा आत येण्यासाठी खाली आणि गरम हवा निघून जाण्यासाठी वर जाळीची झरोकी ठेवली, तर निम्मे काम यंत्राविना होते. ती सकाळ-संध्याकाळ उघडावीत आणि दुपारी त्यांवर ओले गोणपाट सोडावे. आधी तापणारी शेड बांधायची आणि मग ती थंड करायला पंखे, कूलर आणि विजेचे बिल, हा उलटा हिशेब कर्जात बुडवणारा आहे.

तरीही मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की निसर्गाशी कुस्ती खेळू नये. कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी असते, तशी शेडलाही द्यावी.

आणि एक गोष्ट, जी हिशेबाच्या वहीत येत नाही. पक्व धिंगरीतून बीजाणूंची बारीक धूळ उडते. बंद शेडमध्ये रोज तोडणी करणाऱ्या बाईला त्याने खोकला आणि दमा जडू शकतो. झरोका पिकासाठी आहे, तसाच तिच्या छातीसाठीही आहे. तोडणीच्या वेळी नाकाला फडके बांधणे आणि टोपी पूर्ण पसरण्याआधीच तोडणे यात खर्च कसला?

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण ओल्या व कोरड्या फुग्याच्या तापमापकाची नोंद घेतो, वहीवर सही घेतो आणि तापमापक कपाटात परत जातो. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, तो वर्षातून एकदा तरी अशा एखाद्या शेडमध्ये न्यावा. पुस्तकातील 'सापेक्ष आर्द्रता' तेथे कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न झालेली दिसेल.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष